पंख नसलेली माशी आणि मेणाचा ठोकळा

२०१४च्या जून महिन्यातली गोष्ट. लातूर-मुंबई एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात मी रात्रभर शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसलो होतो. खिशात पैसे फारसे नव्हते. एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात काड्यापेटीहून लहान असा मेणाचा ठोकळा. ठोकळ्यात माझ्या भाच्याच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा होता. ‘हा ब्लॉक जपून न्या, उन्हात ठेवू नका, याच्याशिवाय परळला पुढचं काही होणार नाही,’ असं मला सांगण्यात आलं होतं. मेण वितळेल की काय या धास्तीने मी झोपलोच नाही. समोरच्या बर्थवर आठ वर्षांचं लेकरू आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं होतं. मानेच्या मागे टाक्यांची लांब रेघ होती.

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पेशी, केंद्रक, गुणसूत्रं फळ्यावर काढून काढून हात भरून आला. पण त्या ठोकळ्यात नेमकं काय आहे आणि परळचे लोक त्यातून काय वाचणार आहेत, हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं. पुढच्या काही वर्षांत मी ते हळूहळू वाचत गेलो. वाचताना लक्षात आलं की या ठोकळ्याला एक इतिहास आहे. तो हैदराबादहून, परळहून, दिल्लीतल्या एका कृषी संस्थेतून आणि अमेरिकेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यांतून फिरत आमच्या औसा तालुक्यापर्यंत आलेला आहे. तो सांगण्यासाठी हा लेख. त्यात माझं आणि माझ्या बहिणीचं एक भांडणही आहे. ते टाळून हा इतिहास मला सांगता येणार नाही.

पित्ताचे दोन महिने

सुरुवात उलट्यांनी झाली. सकाळी उठलं की पोराला उलटी व्हायची, डोकं दुखायचं. दुपारपर्यंत तो बरा असायचा. गावाकडच्या दवाखान्यात पित्त म्हणून औषध मिळालं. मग डोळ्यांचा नंबर असेल म्हणून चष्मा आला. शेजारणीने दृष्ट काढली. दोन महिन्यांनी तो चालताना भिंतीला धरू लागला, तेव्हा एका तरुण डॉक्टरने त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि त्याच दिवशी लातूरला स्कॅनसाठी पाठवलं. लहान मेंदूच्या पोकळीत लिंबाएवढी गाठ होती. तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली होती. रात्रभर आडवं पडल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून उलटी सकाळीच होते. हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं.

पित्त म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा फार दिवस राग होता. आता तो उरलेला नाही. मुलांच्या मेंदूची गाठ हा दुर्मीळ आजार आहे. खेड्यातल्या डॉक्टरला साऱ्या कारकिर्दीत एखादीच बघायला मिळत असेल. शिवाय या भागाला मोठी वैद्यकीय सोय किती उशिरा मिळाली, तेही पाहिलं पाहिजे. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मोठ्या आजाराला माणसं हैदराबादला उस्मानिया दवाखान्यात जात. माझे आजोबाही पोटाच्या ऑपरेशनला तिकडेच गेले होते. औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे ‘घाटी’ म्हणतात, ते निघालं १९५६मध्ये. लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६मध्ये सुरू झालं. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यात न थांबता इथे आले. त्याच रुग्णालयाने पुढे कर्करोगावरचे उपचार लातुरात आणले. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८चं, लातूरचं त्याहून अलीकडचं.

आमची गाडी मध्यरात्रीच्या पुढे बार्शीवरून गेली. बार्शी हे गाव या कथेत महत्त्वाचं आहे. ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७मध्ये इथे सुरू झाली. मुंबईची नोंदणी १९६३पासून होती, पण खेड्यांत कर्करोगाने कोण आजारी पडतं, कोण मरतं, हे कुणीच मोजत नव्हतं. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून, लोकांना लक्षणं सांगून, ते मोजायला सुरुवात केली. गर्भाशयमुखाचा किंवा तोंडाचा कर्करोग असा डोळ्याने तपासता येतो. मेंदूतली गाठ मात्र स्कॅनशिवाय दिसत नाही. स्कॅनच्या आधीच्या काळात आमच्याकडे किती लेकरं ‘डोक्यात ताप गेला’ म्हणून गेली असतील, त्याची नोंद कुठल्याच वहीत असणार नाही.

सगळा कणा शेकायचा

परळला गाठीचं नाव कळलं : मेडुलोब्लास्टोमा. हे नाव १९२५मध्ये हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकन डॉक्टरांनी दिलं. कुशिंग शल्यक्रिया करत आणि बेली काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्यांना दिसल्या त्या लहान, गोल, गडद, दाटीवाटीने बसलेल्या पेशी. गर्भातल्या मेंदूच्या अर्धवट वाढलेल्या पेशींसारख्या. कुशिंगसारखा निष्णात शल्यविशारद गाठ काढायचा आणि तरी मुलं जायची, कारण या पेशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून वाहत जाऊन खाली दुसरीकडे रुजतात.

यावरचा उपाय १९५३मध्ये मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी मांडला : फक्त गाठीच्या जागेला नाही, तर सगळ्या मेंदूला आणि माकडहाडापर्यंतच्या सगळ्या कण्याला किरणोपचार द्यायचे. त्यांच्या २७ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश तीन वर्षांनंतर जिवंत होते. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पुढची सत्तर वर्षं उपचाराचा पाया तोच राहिला.

आमच्याकडे किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, काम तसं नाही. वाढत्या मुलाच्या मेंदूला शेक दिला की पुढे लक्षात ठेवण्याचा, लिहिण्याचा वेग मंदावतो. कण्याला दिला की मणके पुरेसे वाढत नाहीत, उंची खुंटते. पिट्युटरी ग्रंथीला लागला की संप्रेरकं कमी पडतात. पूर्वी सगळ्या मेंदू-कण्याला ३६ ग्रे देत. पुढे केमोथेरपीची जोड मिळाल्यावर, ज्यांचा धोका मध्यम आहे अशांना, ते २३.४ ग्रेवर आलं. गाठीच्या जागेला मात्र ५४ ग्रे. भाच्याला हेच सांगितलं गेलं : रोज एक शेक, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे विदर्भातले, कोकणातले, बिहारचे, बंगालचे लोक होते. बहिणीने तिथल्या बायकांकडून हिंदी शिकून घेतली.

परळची प्रयोगशाळा

शेकाची वेळ होईपर्यंत मी टाटा रुग्णालयाच्या आवारात बसत असे. ही इमारत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाली. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यांच्यामागे टाटांच्या विश्वस्त निधीने हे उभं केलं. इथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट होते. रोगाचं निदान सांगून थांबायचं नाही, तो का होतो हे शोधायचं, हा त्यांचा ध्यास. त्यातून १९५२मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे या पुण्याच्या. माहेरचं आडनाव समर्थ, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. १९४९मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या बशीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवायचं आणि वाढवायचं तंत्र गे यांच्याकडे होतं. जगभर गाजलेल्या ‘हेला’ पेशी १९५१मध्ये याच प्रयोगशाळेत वाढल्या. रणदिवेबाईंनी परत येऊन परळला भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशी एकमेकींना काय निरोप देतात हे ऐकायचं, तर आधी पेशी बशीत जगवता आली पाहिजे. त्यामुळे पुढचं सगळं या कामावर उभं आहे.

रणदिवेबाईंचा दुसरा विषय होता उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. काही जातींच्या उंदरिणींना तो हमखास होई, आणि त्यांच्या दुधावाटे तो पिल्लांकडे जाई. दुधात एक विषाणू असतो, हे हळूहळू सिद्ध झालं. संप्रेरकं, आनुवंशिकता आणि हा विषाणू यांचा मेळ कसा बसतो, यावर परळमध्ये काम चाललं होतं. उंदराचं दूध आणि माझ्या भाच्याचा लहान मेंदू यांचा संबंध काय, असं मलाही वाटलं होतं. संबंध आहे.

अर्धापूरची केळी आणि दिल्लीची माशी

नांदेडजवळ अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत. घड पिकला की त्याभोवती बारीक चिलटं घोंघावतात. तीच ती फळमाशी, ड्रोसोफिला. तिच्यावर जनुकशास्त्राची अर्धी इमारत उभी आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगायचो. मला माहीत नसलेली गोष्ट अशी : १९७३मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी या माशीच्या एका नव्या उत्परिवर्तनाची छोटीशी नोंद प्रसिद्ध केली. काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते. त्यांनी त्या जनुकाला नाव दिलं ‘विंगलेस’, म्हणजे बिनपंखी. १९७६मध्ये व्ही. एल. चोप्रांबरोबर त्यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पंख केवळ गळालेला नव्हता. पंखाच्या जागी शरीराच्या पाठीचा भाग दुसऱ्यांदा उगवला होता. म्हणजे ‘इथे पंख कर’ हा निरोप त्या पेशींना मिळालाच नव्हता.

सहा वर्षांनी, १९८२मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस त्या दुधातल्या विषाणूचा माग काढत होते. विषाणू उंदराच्या जनुकसंचात नेमका कुठे घुसतो की गाठ होते? त्यांना एक जागा सापडली. तिथल्या जनुकाला त्यांनी ‘इंट-१’ म्हटलं. १९८७मध्ये लक्षात आलं की उंदराचं इंट-१ आणि माशीचं विंगलेस हे एकच जनुक आहे. एकाने पंख घडतो, तेच वेळीअवेळी चालू राहिलं तर गाठ होते. दोन नावं जोडून १९९१मध्ये या कुटुंबाला ‘विंट’ असं नाव मिळालं.

या विंट मार्गाचं काम मी असं समजून घेतलं. बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रथिन आहे, त्याला निरोप्या म्हणू. पेशी हा निरोप्या सतत तयार करते आणि सतत पकडून मोडीतही काढते. पकडणाऱ्यांच्या टोळीत एपीसी आणि अ‍ॅक्सिन ही प्रथिनं असतात आणि निरोप्यावर खूण करणारं एक विकर असतं. खूण झाली की त्याची विल्हेवाट लागते. बाहेरून विंटचा संदेश पेशीच्या भिंतीवर येऊन थडकला की टोळी थांबते. निरोप्या साचतो, केंद्रकात शिरतो आणि ‘वाढा, विभागा’ असं सांगणारी जनुकं चालू करतो. गर्भात हे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी होतं आणि थांबतं. त्यातूनच मेंदू घडतो. आता समजा, निरोप्यावर जिथे खूण करायची नेमकी तीच जागा जनुकातल्या चुकीमुळे बदलली. टोळी हजर आहे, पण तिला तो ओळखू येत नाही. मग बाहेरून कुणी हाक न मारताही ‘वाढा’ हा निरोप अखंड चालू राहतो.

मेंदूच्या गाठीशी याचा धागा आधी डॉक्टरांच्या निरीक्षणातून आला होता. कॅनडातल्या जाक तुर्को यांनी १९५९मध्ये एका घरातल्या भावंडांची नोंद केली. त्यांच्या आतड्यात शेकडो गाठी होत्या आणि मेंदूतही गाठी झाल्या होत्या. १९९५मध्ये अशा कुटुंबांच्या जनुकांचा तपास झाला. ज्यांच्या मेंदूत मेडुलोब्लास्टोमा होता, त्यांच्यात एपीसीच बिघडलेलं होतं. १९९८मध्ये, घराण्यात काही नसलेल्या मुलांच्या गाठींतही बीटा-कॅटेनिनच्या त्या खुणेच्या जागेवरच्या चुका सापडल्या. भाच्याच्या गाठीत हीच चूक होती. त्याच्या आई-बापाकडून आलेली नव्हती, कुणाच्या खाण्यापिण्याने झालेली नव्हती. एका पेशीत एक अक्षर बदललं, एवढंच. हे बहिणीला समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली. ‘पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली’, हे दोन महिने तिच्या मनात होतं आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

चार गाठी, एक नाव

सूक्ष्मदर्शकाखाली कुशिंग-बेलींना जी एक गाठ दिसली होती, ती प्रत्यक्षात निदान चार निरनिराळ्या आजारांची निघाली. २०१०मध्ये बॉस्टनला जमलेल्या संशोधकांनी हे मान्य केलं आणि २०१२मध्ये ते प्रसिद्ध झालं : विंट, सॉनिक हेजहॉग, गट ३ आणि गट ४. हेजहॉगची कथाही माशीपासूनच सुरू होते. १९८०मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाऊस यांना अशा अळ्या सापडल्या, ज्यांच्या अंगावर साळिंदरासारखे काटे होते. या कामाला १९९५चं नोबेल मिळालं. माणसातल्या तशाच जनुकाला पुढे एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव चिकटलं. हा मार्ग बंद करणारं औषध शोधायलाही जनावरांनीच मदत केली. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मेंढ्या एक रानवनस्पती खात आणि त्यांना एकाच डोळ्याची कोकरं होत. त्या वनस्पतीतलं द्रव्य हेजहॉगचा निरोप अडवतं, हे नंतर कळलं. त्याच वाटेवरची औषधं आज आहेत. पण लहान मुलांना दिली तर हाडांची वाढ कायमची थांबते, कारण हाडंही याच निरोपावर वाढतात.

या सगळ्या संशोधनातली ही मोठी अडचण आहे. गाठ ज्या निरोपावर जगते, तोच निरोप शरीराला कुठेतरी हवा असतो. मोठ्या माणसांत होणाऱ्या ग्लिओब्लास्टोमाची गोष्ट तर याहून अवघड. तिच्या पेशींवर वाढीचा निरोप घेणारं ईजीएफआर हे प्रथिन पुष्कळदा भरमसाट असतं, हे १९८५पासून माहीत आहे. २००८मध्ये अमेरिकेच्या मोठ्या जनुक-प्रकल्पाने दाखवलं की वाढीचा हा मार्ग ८८ टक्के गाठींत बिघडलेला असतो, पी-५३ चा ८७ टक्क्यांत आणि आरबीचा ७८ टक्क्यांत. म्हणजे बहुतेक गाठींत अनेक दारं एकाच वेळी उघडी. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर रोखणाऱ्या औषधांनी माणसं वर्षानुवर्षं जगली. मेंदूत त्याच औषधांनी फारसं काही साधलं नाही.

मग त्या मेणाच्या ठोकळ्याचं काय? चार गट ओळखायला परदेशात ताज्या, गोठवलेल्या गाठी वापरत. आपल्याकडे लातूर-सोलापूरला गाठ काढली तर ती गोठवून कोण ठेवणार? ती फॉर्मलिनमध्ये बुडवतात आणि मेणात बसवतात. त्यात आरएनएचे तुकडे तुकडे होतात. टाटांचंच संशोधन केंद्र पुढे खारघरला गेलं. तिथल्या डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१०मध्ये दाखवलं की विंट गाठींमध्ये मायक्रो-आरएनए या इवल्याशा रेणूंची एक ठळक वेगळी जुळणी असते. हे रेणू मुळातच लहान असल्याने मेणातही टिकतात. २०१३मध्ये त्यांनी १२ जनुकं आणि ९ मायक्रो-आरएनए मोजून मेणातल्या गाठीचा गट सांगण्याची रीत प्रसिद्ध केली. मोठी यंत्रं नसलेल्या गावातून आलेला ठोकळाही वाचता यावा, अशी ही रीत. मी रेल्वेत छातीशी धरून बसलो होतो, तसल्याच ठोकळ्यांसाठी.

भांडण

‘विंट गट आहे. त्यातल्या त्यात ही सगळ्यांत बरी गाठ,’ असं डॉक्टर म्हणाले. दहापैकी साधारण एकच मेडुलोब्लास्टोमा या गटाचा असतो आणि उपचारांनंतर यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं जगतात. आम्ही त्या दिवशी धर्मशाळेत पेढे वाटले. आणि त्याच रात्री मी इंटरनेटवर वाचत बसलो.

वाचलं ते असं. इतकी मुलं जगतात, तर त्यांना शेक कमी का देऊ नये? जगात हा प्रश्न विचारला जात होता. युरोपात आणि अमेरिकेत विंटच्या मुलांना २३.४ऐवजी १८ ग्रे देऊन बघण्याचे प्रयोग आखले जात होते. काहींचं म्हणणं होतं, कण्याचा शेक पूर्णच टाळावा. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे सर, पण उत्तर अजून कुणाकडेच नाही. अभ्यास न करता एकट्या तुमच्या मुलाला कमी देणं मला बरोबर वाटत नाही.”

माझं समाधान झालं नाही. मी बहिणीला म्हटलं, आपण हट्ट धरू. भाचा हुशार होता. दुसरीत असताना माझ्यासमोर तिसरीचं गणित करायचा. लातूरच्या शाळांचा, क्लासांचा तो काळ; मी मनात त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. बहीण धर्मशाळेच्या पायरीवर लसूण सोलत होती. ती म्हणाली, “दादा, तू शिकलेला हायस, मी नाही. पण मी एवढंच बघायलेय की डाक्टरला रोज अशी शंभर लेकरं दिसतेत. तुला हे एकच दिसतंय. कमी दिलं अन् परत आलं, तर मी कुणाला इचारू?”

मी बोललो नको ते. तुझ्या अडाणीपणाने पोराचं आयुष्य लहान होईल, असं म्हणालो. पुरे शेक झाले, मग केमोही झाली.

भाचा जगला. उंची कमी राहिली. केमोतल्या एका औषधाने कान अधू झाले, दोन्ही कानांत यंत्रं आली. वाचायला, लिहायला तो इतरांच्या दुप्पट वेळ घेतो. जिथे पोरं पहाटे पाचला बायोलॉजीचे प्रश्न सेकंदांत सोडवतात, त्या लातुरात तो बारावीला दोनदा बसला. दर निकालाच्या दिवशी मला ती पायरी आठवायची. मी काही म्हणत नसे, पण बहिणीला कळायचं. आम्ही दिवाळीला भेटायचो, जेवायचो, आणि या विषयापासून चार हात लांब राहायचो.

२०२२

नंतर परळच्याच डॉक्टरांनी, डॉ. तेजपाल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तो अभ्यास केला. कमी धोक्याच्या विंट गाठी असलेल्या मुलांना फक्त गाठीच्या जागेला शेक आणि केमो द्यायची. सगळ्या मेंदूचा आणि कण्याचा शेक टाळायचा. हेतू तोच, जो माझा होता : मुलांची बुद्धी आणि वाढ वाचवायची. त्यांचा निबंध २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्याच मुलांनंतर अभ्यास थांबवावा लागला होता. काही मुलांमध्ये गाठ मेंदू-कण्याच्या इतर भागांत परत आली. कण्याचा शेक वगळण्यात स्वीकारता येणार नाही इतका धोका आहे, हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच लिहिलं.

मी तो निबंध मोबाइलवर तीनदा वाचला. विंटची मुलं का जगतात, याचं एक उत्तर २०१६मध्ये उंदरांवरच्या कामातून मिळालं होतं. ही गाठ स्वतःच असे रेणू सोडते की तिच्या आतल्या रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि एरवी मेंदूत न शिरणारी औषधं तिच्यात भरपूर शिरतात. म्हणजे ती स्वभावाने गरीब नाही. उपचारांपुढे ती उघडी पडते. उपचार काढून घेतला तर ती गाठच आहे, आणि इतर मेडुलोब्लास्टोमांसारखीच कण्यातून खाली उतरते. २०१४मध्ये माझ्यासमोर ‘नव्वद टक्के’ हा आकडा होता. तो पुरा शेक घेतलेल्या मुलांचा आकडा आहे, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बहिणीच्या ध्यानात आकडा न वाचता आलं होतं.

कमी शेकाचा प्रश्न संपलेला नाही. पूर्ण टाळणं आणि थोडं कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीवर काम चालू आहे. उद्या कुण्या लेकराला १८ ग्रेवर सोडता आलं तर त्याला कान डोळे उघडे ठेवून वर्गात बसता येईल. पण ते ठरवताना, ज्या थोड्या मुलांवर परळचा अभ्यास थांबला, त्यांची आणि त्यांच्या आई-बापांची आठवण ठेवावी लागेल. त्यांनीही माझ्यासारखाच विचार करून होकार दिला असणार.

त्या दसऱ्याला मी औशाला गेलो. बहीण अंगणात सोयाबीन निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं : अभ्यास, निकाल, आणि पायरीवर मी जे बोललो होतो तेही. ती खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, “त्या लेकरांचं काय झालं रं?” मी म्हणालो, सगळ्यांचं मला नीट माहीत नाही. ती म्हणाली, “मग आपण जिंकलाव असं म्हणू नकोस.”

भाचा आता लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात हिशेब लिहितो. सावकाश लिहितो; मालक म्हणतात, चूक निघत नाही. तो मागे बसून ऐकत होता, कानातलं यंत्र नीट करत. विंट, माशी, उंदीर हे सगळं त्याला मी कधी तरी सांगितलं होतं. त्याने एकच विचारलं.

“मामा, माझ्या त्या ठोकळ्याचं काय केलं असंल त्यांनी?”

“कपाटात ठेवला असंल,” मी म्हणालो. “जपून ठेवतेत ते.”

“मग राहू दे तिथंच,” तो म्हणाला. “कुणाला बघायचा असला तर बघतील.”